शिस्त आधी नळाला लावा

चैत्र लागला की मराठवाड्यातल्या शहरांत एक भांडण ठरलेलं असतं. एक बाजू म्हणते, लोकांना पाण्याची किंमत नाही. नळ आला की अंगणं धुतात, गाड्या धुतात, नळाला तोटी बसवत नाहीत, मागच्या खेपेचं चांगलं पाणी गटारात ओतून देतात. अशांना दंड करा, मोटारी जप्त करा, मीटर बसवा. दुसरी बाजू म्हणते, पुढाऱ्यांनी योजना खाल्ल्या, त्यात लोकांचा काय दोष? आधी पाणी आणा, मग आम्हाला शिकवा. जूनमध्ये पाऊस पडला की दोन्ही बाजू गप्प होतात आणि पुढच्या चैत्रात पुन्हा तीच वाक्यं तशीच्या तशी ऐकू येतात. या सगळ्या आरडाओरड्यात एका साध्या गोष्टीकडे कुणी बघत नाही: घरात पाणी प्रत्यक्षात भरलं कसं जातं, साठवलं कशात जातं आणि कोणत्या क्रमाने संपवलं जातं. माझं म्हणणं असं आहे की पाण्याच्या बहुतेक सवयी लोकांच्या स्वभावातून आलेल्या नाहीत. नळ किती दिवसांनी येतो, किती वाजता येतो आणि किती दाबाने येतो, या तीन गोष्टींनी त्या घडवल्या आहेत. या तिन्ही गोष्टी आहेत तशाच ठेवून शिस्तीची मोहीम काढणं म्हणजे पैशाची नासाडी, आणि दंड भरायला शेवटी सापडतो तो दोन खोल्यांतला माणूस.

आधी हिशेब मांडू. सांडपाण्याची भूमिगत व्यवस्था असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, हे आपल्या देशाचं नियोजनाचं माप आहे. भूमिगत गटार नसेल तिथे ७० लिटर. गावांसाठी जलजीवन मिशनने ५५ लिटर धरले आहेत. मधलं माप घ्या. पाच माणसांच्या घराला रोज ३५० लिटर लागतात. नळ आठव्या दिवशी येत असेल, तर त्या एका खेपेला २,८०० लिटर भरून ठेवावे लागतील. आता गल्लीच्या टोकाच्या घरातला अर्धा इंची नळ बघा. दाब कमी असला की त्यातून मिनिटाला आठ लिटर पडले तरी नशीब. २,८०० लिटर भरायला जवळपास सहा तास लागतील, आणि पाणी सुटतं तासभर. म्हणजे घरात येतात ४८० लिटर. तेच मोटार लावली आणि मिनिटाला ४० लिटर ओढले, तर त्याच तासाभरात २,४०० लिटर येतात. मोटार हा बेशिस्तपणा आहे की त्रैराशिक? शिवाय हे झालं भूमिगत हौद असलेल्या घराचं. दोन खोल्यांच्या घरात दोनशे लिटरचे तीन ड्रम मावतात, चौथा ठेवला तर झोपायला जागा उरत नाही. तीन ड्रम म्हणजे ६०० लिटर. पाच माणसं, आठ दिवस. माणशी रोज १५ लिटर. याच घराला आपण पाणी जपून वापरा असं सांगणारं पत्रक देतो.

साठवणुकीचा खर्च कुणाच्या अंगावर पडला हेही या हिशेबात दिसतं. नळ रोज आला असता, तर दिवसभराचा साठा पालिकेच्या जलकुंभात राहिला असता आणि घराला एक माठ, एक पिंप पुरलं असतं. नळ आठवड्यावर गेला की तो जलकुंभ फुटून प्रत्येकाच्या घरात येतो. पोर्चखाली पाच-दहा हजार लिटरचा हौद, गच्चीवर सिंटेक्स टाकी, दोन्हींच्या मधे मोटार, मोटारीचं वीजबिल आणि दर दोन-तीन वर्षांनी जळणारी वाइंडिंग. घर बांधताना स्वयंपाकघराआधी हौदाची जागा ठरते. भाड्याची खोली बघायला आलेली माणसं भाड्याआधी विचारतात, नळ कितव्या दिवशी येतो आणि हौदात आमचा वाटा किती. हा सगळा भांडवली खर्च पालिकेच्या कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि म्हणून पाणी महाग झालं असं कुणी म्हणत नाही.

आता पाणी भरण्याचा दिवस जवळून बघू, कारण नासाडीचे बहुतेक आरोप याच तासा-दीड तासातले आहेत. आठ दिवस रिकाम्या पडलेल्या वाहिनीत पाणी सुटलं की सुरुवातीला गढूळ, गंजाच्या रंगाचं, कधी वास मारणारं पाणी येतं. वाहिनी भरलेली आणि दाबाखाली असते तोवर गळतीच्या छिद्रातून पाणी बाहेर जातं. वाहिनी रिकामी झाली की त्याच छिद्रातून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. हे ज्ञान गल्लीतल्या प्रत्येक बाईला आहे. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं नळ मोरीत किंवा थेट नालीत सोडतात. जी थोडी हुशारीने भरते ती हे पहिलं पाणी संडासासाठी वेगळ्या बादलीत धरते. धार निवळली की हातावर घेऊन वास बघायचा, मग प्यायचं पाणी: तांब्या-स्टीलच्या भांड्यावर धुतलेलं सुती फडकं दुहेरी करून, त्यातून गाळून. पावसाळ्यात गढूळपणा असला तर तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून भांडं तासभर हलवायचं नाही. खडा जास्त फिरला की पाणी तुरट लागतं आणि मुलं पीत नाहीत. प्यायचं झालं की स्वयंपाकाचं, मग ड्रम, मग हौद. शेवटी राहिलेल्या धारेवर धुणं आणि अंगण. बाहेरून बघणाऱ्याला पहिली दहा मिनिटं नालीत वाहणारं पाणी दिसतं आणि शेवटची दहा मिनिटं अंगणात. मधला तास त्याला दिसत नाही.

तोटीचंही तसंच. नळाला तोटी का नसते? पाणी कधी सुटणार हे माहीत नसलं की नळ उघडाच ठेवावा लागतो, त्याला पाईप लावून टोक ड्रममध्ये सोडावं लागतं. रात्री दोनला पाणी सुटलं, तर ड्रममध्ये पडणाऱ्या धारेच्या आवाजाने जाग यावी हा त्यामागचा हेतू. जाग आली नाही तर ड्रम भरून वाहतो आणि सकाळी गल्लीत ओल दिसते. मग हौदाला बॉल कॉक, म्हणजे हौद भरला की आपोआप बंद होणारी तरंगती तोटी, का बसवत नाहीत, असा पुढचा प्रश्न येतो. बसवतात आणि काढून टाकतात. कमी दाबाच्या पाण्याला बॉल कॉकच्या बारीक तोंडातून जाताना आणखी अडथळा होतो, त्यात पहिल्या पाण्यातली रेती अडकली की तो धड उघडत नाही आणि धड बंदही होत नाही. तासाभरात जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं असेल, तर धारेच्या तोंडात असली वस्तू कोण ठेवील?

सगळ्यात जास्त चीड येते ती शिळं पाणी ओतून देण्याची. हे होतं, आणि काही घरांत निष्कारण होतं, हे मान्य. पण त्याच घराच्या दारावर आरोग्य खात्याच्या माणसाने काय सांगितलं ते आठवा: आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा, घासा, पालथी घाला. सल्ला अचूक आहे. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, आणि त्याची अंडी पाण्याच्या पातळीच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, आतली कड काथ्याने घासावी लागते. आता नळ नवव्या दिवशी येणार असेल, तर सातव्या दिवशी भांडी कोरडी करायची कशी? एक खातं सांगतं साठवा, दुसरं सांगतं साठवू नका. त्यात क्लोरीनचा मुद्दा वेगळाच. ग्राहकाच्या नळाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असा दंडक आहे. उघड्या ड्रममध्ये आणि आपल्याकडच्या उन्हात ते एक-दोन दिवसांत उडून जातं. सहाव्या दिवशीचं पाणी प्यायला कुणी धजत नाही, याला वेडगळपणा म्हणता येईल का?

आणि ज्या लोकांना आपण उधळे म्हणतो, त्यांची धुण्याची पद्धत एकदा पाहून घ्यावी. मराठवाड्यात सेमी-ऑटोमॅटिक मशीन अजून इतकी चालते, ती केवळ स्वस्त म्हणून नव्हे. फुल्ली ऑटोमॅटिक मशीनला नळाचा दाब लागतो, तिचं पाणी ती स्वतः घेते आणि स्वतः सोडून देते; वरून कपडे टाकायच्या मशीनला एका धुण्याला शंभर-सव्वाशे लिटर सहज लागतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बादलीने पाणी ओतता येतं आणि साबणाचं तेच पाणी तीन-चारदा वापरता येतं. आधी पांढरे आणि कॉलरवाले कपडे, त्याच पाण्यात रंगीत, मग चादरी, शेवटी पायपुसणी. ते काळं झालेलं पाणी बादलीत घेऊन मोरी आणि संडास. खळबळून काढलेलं दुसरं पाणी पुढच्या धुण्याचं पहिलं पाणी. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटत नाही, म्हणून भिजवायला बोअरचं आणि शेवटी खळबळायला नळाचं, अशी वाटणी असते. हीच वाटणी चुलीपाशीही: जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळ दडस राहते, शिट्ट्या वाढतात, गॅस जास्त जातो. म्हणून आंघोळ बोअरच्या पाण्याने आणि डाळ नळाच्या. संडासाला जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा-बारा लिटर जातात, म्हणून टाकीचा कॉक बंद आणि बाजूला बादली-मग. तीन-चार लिटरमध्ये काम. ही काटकसर कुठल्याही अभियानाने शिकवलेली नाही. ती ड्रमच्या मापाने शिकवली आहे. (याच काटकसरीच्या घरात आरओ बसवलं की एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर नळीतून मोरीत जातात. बऱ्याच घरांत त्या नळीखाली बादली असते, सगळ्यांत नसते. पण आरओ आलं कशामुळे? नळाच्या पाण्यावरचा विश्वास उडाल्यामुळे.)

आता समोरच्या बाजूचं खरं तेवढं मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. पहिलं म्हणजे मोटार. वाहिनीला थेट मोटार लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातलं ओढणं. एकाने लावली की पुढच्या चार घरांची धार बारीक होते, मग त्यांनाही लावावी लागते. त्याहून वाईट म्हणजे मोटार ओढते तेव्हा वाहिनीत उणा दाब तयार होतो आणि गळतीच्या छिद्रांतून घाण आत खेचली जाते. गॅस्ट्रोची साथ अशीच एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाते. दुसरं, काही बंगल्यांत बोअर आणि नळ दोन्ही असतात आणि तिथे लॉनवर पडणारं पाणी हे कुठल्याही वेळापत्रकाचं अपत्य नाही, ती शुद्ध मस्ती आहे. तिसरं, वर्षाला ठरावीक पाणीपट्टी असली की शंभर लिटर वापरणारा आणि हजार लिटर वापरणारा सारखेच पैसे भरतात. किंमत नसलेल्या वस्तूची कदर कमी होते, हे अर्थशास्त्र खोटं नाही. आणि चौथं, सगळ्यात जड: मराठवाड्यात पाणीच कमी आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेवटच्यापासून सुरू करू. आडात नाही, हे कधी खरं असतं आणि कधी सोयीचं असतं. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, साधारण १०२ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा). तो काठोकाठ भरून दरवाजे उघडावे लागले, अशा वर्षीही छत्रपती संभाजीनगरला नळ रोज आलेला नाही. आड भरलेला होता, पोहरा फुटका होता: वर्षानुवर्षं शहराचा भार वाहणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या वाहिन्या, त्यांची फुटाफुट, कमी पडणारे जलकुंभ. दुष्काळाच्या वर्षी धरणात पाणी नसतं, हे कुणी नाकारत नाही. पण दुष्काळी वर्षाचं वेळापत्रक सुकाळी वर्षांतही तसंच चालू राहिलं, तर लोकांची साठवणुकीची सवय कशी सुटणार? आणि एक साधी गोष्ट. आठवड्यातून एकदा सात तास सोडलेलं पाणी आणि रोज एक तास सोडलेलं पाणी हे धरणातून तितकंच काढलेलं असतं. अंतर वाढल्याने पाणी वाचतं, हा भ्रम आहे. उलट प्रत्येक वेळी रिकामी वाहिनी भरायला जातं ते, पहिलं गढूळ म्हणून सोडून दिलं जातं ते आणि शिळं म्हणून ओतलं जातं ते, एवढं पाणी अंतराच्या खात्यावर लिहावं लागेल.

मग कुणीतरी म्हणतं, आपले पूर्वज बघा. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची बारव बघा, सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार उतरत जाणारी बारव बघा. लोक एक-एक पायरी उतरून पाणी आणायचे, म्हणून त्यांना किंमत होती. बारवांचं शास्त्र थोर आहेच: पाणी खाली जाईल तसा माणूस पायऱ्यांनी मागे जातो, आणि उरलेला साठा किती हे सगळ्या गावाला डोळ्यांनी दिसतं. आजच्या बंद वाहिनीत आणि कुलूपबंद जलकुंभात हे दिसणं हरवलं, हेही खरं. पण त्या काटकसरीचा अर्धा भाग बायकांच्या डोक्यावर होता आणि उरलेला अर्धा ज्यांना पायरीवर पाऊल ठेवू दिलं जात नव्हतं त्यांच्या वाट्याला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी दौलताबादचा किल्ला बघायला गेले, प्रवासाची धूळ झाली होती म्हणून दारापाशीच्या हौदावर हात-तोंड धुतलं, आणि हौद बाटवला म्हणून गर्दी अंगावर आली. किल्ल्यात पुढे जाताना त्यांनी कुठेही पाण्याला शिवू नये म्हणून सोबत पहारेकरी दिला गेला. त्या काळी पाणी कमी खर्च होत होतं, याचं एक कारण बऱ्याच लोकांना ते मिळतच नव्हतं. आजच्या माणसाला त्या शिस्तीचा दाखला देताना हे सोडून देता येत नाही.

पूर्वजांचाच दाखला हवा असेल, तर मलिक अंबरची नहर घ्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याने नहर-ए-अंबरी आणली. जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर. मधे मधे चिरेबंदी बंबे, म्हणजे मनोऱ्यासारखे उभे खांब, त्यांत पाणी चढतं, हवा सुटते, गाळ बसतो आणि पाणी पुढे जातं. पुढच्या काळात याच तत्त्वावर पाणचक्कीचं पाणी आलं. मोहल्ल्यातल्या हौदात पाणी सतत येत असेल, तर घरात दोन घागरींपेक्षा जास्त कशाला भरून ठेवायचं? तेव्हाच्या माणसांचा स्वभाव वेगळा होता, असं म्हणायला काही आधार नाही. पाणी येण्याची रीत वेगळी होती.

पण स्वभाव आणि साधन यांची गल्लत किती महाग पडते, याचा सगळ्यात जवळचा दाखला मराठवाड्यातलाच आहे आणि तो या वादात कुणी काढत नाही: हापसा. साठच्या दशकाच्या शेवटी आणि १९७२च्या दुष्काळानंतर कठीण खडकात बोअर पाडायची यंत्रं आली, गावोगाव बोअर झाले आणि त्यांवर बिडाचे हातपंप बसले. काही महिन्यांत बहुतेक बंद पडले. सांधे झिजले, दांडा निखळला, बीड तडकलं, गज तुटून बोअरमध्ये पडला. तेव्हाही बोलणं हेच होतं: गावकऱ्यांना वस्तू वापरायची अक्कल नाही, पोरं दांड्यावर लोंबकळतात, फुकटचं आहे म्हणून कदर नाही. खरी गोष्ट अशी होती की ते पंप परदेशातल्या एका कुटुंबाच्या परसातल्या पंपाची नक्कल होते. दिवसाला दहा-वीस बादल्यांसाठी बनवलेली वस्तू आपण तीन-चारशे माणसांच्या गावाला पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसायला दिली. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या कामातून पोलादी पंप तयार झाला, त्यानंतर सोलापूरचा आला, आणि त्या धड्यांवरून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क २ उभा राहिला. दांड्याला एकच कणा, त्यावर बंद बेअरिंग, आणि दांड्याच्या टोकाच्या अर्धगोल तुकड्यावरून उतरणारी साखळी, जेणेकरून गज सरळ वर-खाली व्हावा आणि बाजूला घासू नये. माणसं तीच राहिली, पोरं तशीच लोंबकळत राहिली, आणि हापसे टिकले. पुढे हाच पंप आफ्रिकेपर्यंत गेला. गावकऱ्यांसाठी ‘हातपंप सांभाळा’ अशी दहा वर्षं शिबिरं घेतली असती, तर काय हाती लागलं असतं? आजच्या पाणीबचतीच्या मोहिमा नेमकी तीच शिबिरं आहेत.

मीटरचं काय? मीटरला माझा विरोध नाही. किमतीचा मुद्दा वर मान्य केलाच आहे. पण मीटर भरलेल्या वाहिनीसाठी असतो. रिकाम्या वाहिनीत पाणी सुटतं तेव्हा आधी कोंडलेली हवा नळातून फुसफुसत बाहेर येते आणि ती हवाही मीटरचं चक्र फिरवते; कधी पाण्यापेक्षा जोरात. म्हणजे माणूस हवेचे पैसे भरतो. मागून पहिल्या पाण्यातली रेती येते आणि चक्र अडकतं. मग मीटर बंद आणि पुन्हा सरासरी बिल. मोटारीने पाणी ओढलं की आकडे आणखी बिघडतात. खंडित पुरवठ्यावर मीटर बसवून लोकांना काटकसर शिकवू म्हणणाऱ्यांनी तीन महिने त्या मीटरचे आकडे स्वतः तपासावेत. उलट जिथे वाहिनी कायम भरलेली ठेवली गेली तिथे मीटर चालतो. सातारा जिल्ह्यातल्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि मीटर एकत्र आणले. तिथे कोयनाकाठ आहे, आपल्याकडे नाही, हा आक्षेप बरोबर आहे. मग आपल्या सीमेपलीकडचं कलबुर्गी घ्या. आपल्यासारखंच निजामाच्या राज्यातलं, आपल्यासारखंच उन्हाचं. तिथे, तसंच हुबळी-धारवाड आणि बेळगावात, २००८च्या सुमारास काही वस्त्यांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. हुबळी-धारवाडमध्ये नंतर दोन्ही प्रकारच्या वस्त्यांतल्या पाण्याची तुलना झाली, तेव्हा चोवीस तासवाल्या भागात नळाच्या पाण्यातला जंतुदोष कमी आढळला. शहर तेच, माणसं त्याच सवयींची, फरक वाहिनीतल्या दाबाचा.

लातूरचं नाव घेऊन एक टोमणा नेहमी मारला जातो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं; पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. एवढं होऊनही लोक शिकले नाहीत, असं म्हणतात. शिकले की! टँकरच्या मागे धावलेल्या माणसाने जो धडा घ्यायला हवा तोच घेतला: ज्याला परवडलं त्याने हौद मोठा केला, बोअर आणखी खोल नेला, घरात एक ड्रम वाढवला. पाणी येईल यावर विश्वास नसताना साठा कमी करणारा माणूस शहाणा की मूर्ख? आपल्याला तो धडा आवडत नाही, कारण सगळ्यांनी तो घेतला की टंचाई आणखी वाढते. पण मग विश्वास निर्माण करण्याची जबाबदारी ज्याच्या हातात व्हॉल्व्हची चावी आहे त्याची.

यात पाण्यापेक्षाही जास्त वाया जाणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दिवस. नळाचा वार आहे पण वेळ नाही, तेव्हा घरातलं एक माणूस अडकून पडतं. ते माणूस बहुधा बाई असते, नाहीतर शाळेतली मोठी मुलगी. रोजंदारीवर जाणारी बाई त्या दिवशीची हजेरी सोडते. पाणी आलंच नाही, तर दुसऱ्या दिवसाचीही. वॉलमनचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणाऱ्या माणसाचा, फोन नंबर गल्लीत सोन्यासारखा जपतात, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याचा मान वाढतो. पाहुण्यांना या म्हणण्याआधी, सत्यनारायण धरण्याआधी, घोंगड्या-गोधड्या धुवायला काढण्याआधी नळाचा वार मोजला जातो. पंचांगाला राहुकाळ असतो तसा मराठवाड्यातल्या शहरी घराला नळाचा वार असतो, फक्त पंचांग चुकत नाही.

म्हणून मागणी चोवीस तास पाण्याची नाही. ती मराठवाड्यात आज केली तर घोषणा ठरेल. मागणी आहे ठरलेल्या वेळेची. चौथ्या दिवशी द्या, पाचव्या दिवशी द्या, पण वार आणि तास आधी जाहीर करा आणि तो पाळा. पाणीपुरवठा खात्याचं उत्तर ठाऊक आहे: पंपगृहाची लाईट जाते, एक तास वीज गेली की लांबच्या वाहिनीतलं पाणी उतरतं आणि पुन्हा भरून जलकुंभात पातळी यायला कितीतरी तास जातात, सगळे झोन पुढे सरकतात. कारण अगदी खरं आहे. पण सरकलेली वेळ कळवायला काय लागतं? ज्या झोनचं पाणी सहा तासांनी लांबलं, त्या झोनला ते सकाळी सातला मोबाइलवर सांगता येतं. दुसरं म्हणजे मागे पडलेला झोन रात्री दोनला भरून खातं मोकळं होतं, ते थांबवावं. रात्रीच्या पाण्यात ड्रम वाहतात आणि झोपमोडही होते. उशीर झालाच तर पाणी पहाटे पाचच्या आत सोडू नका, मधल्या रात्री जलकुंभ पूर्ण भरू द्या. पूर्ण भरलेल्या कुंभातून दाबही चांगला मिळतो.

दाबाचं मोजमाप करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. एकमजली घराच्या नळाशी सात मीटरचा दाब, म्हणजे पाणी सात मीटर उंच चढेल इतका जोर, असावा, असं नियोजनात धरलं जात आलं आहे. प्रत्येक झोनच्या टोकाच्या शेवटच्या घरापाशी एक साधा दाबमापक बसवायचा, पाणी सुटल्यावर पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला आकडा लिहायचा आणि तो वॉर्ड कार्यालयाबाहेर फळ्यावर लावायचा. टोकाला दोन मीटरही मिळत नसतील, तर त्या झोनमध्ये मोटारी जप्त करायला पथक पाठवू नये. आधी झोनचे दोन तुकडे करून वेगळ्या वेळी पाणी सोडावं. टोकाला दाब आला, वेळ सलग तीन महिने पाळली गेली आणि तरीही कुणी वाहिनीला मोटार लावून बसला असेल, तर त्याची मोटार खुशाल उचलून न्या, आणि सुरुवात ज्या बंगल्यात बोअर असूनही लॉनवर नळाचं पाणी पडतं तिथून करा.